ओत्सुनेचं कासव

तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधीची गोष्ट. दूर जपानात, डोंगरांच्या कुशीत मिझुओरी नावाचं गाव होतं. तिथल्या रानात एक झाड वाढतं. त्याचा चीक आपल्या बिब्ब्यासारखाच अंगावर उततो. पण तोच चीक लाकडावर थरावर थर चढवला, की लाकूड खोल डोहासारखं चमकतं.

हे काम करणारी ओत्सुने नावाची म्हातारी गावात होती. त्या काळ्या रोगणावर ती सोन्याच्या भुकटीनं प्राणी काढायची. लढवय्याच्या म्यानावर चतुर किडा, कारण तो मागं फिरत नाही. नवरानवरीसाठी बदकांची जोडी. वडीलधाऱ्यांना हजार वर्षं जगणारा सारस. असं म्हणतात, तिनं काढलेला ससा पाहून कुत्री भुंकायची.

एका हिवाळ्यात शेजारच्या किकुला मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. रडायचंही त्राण नव्हतं तिला. सुईण म्हणाली, "आठ दिवस काढले तर खूप."

किकु पोरीला घेऊन ओत्सुनेच्या दारात आली. "आजी, हिच्या वाडग्यावर सारस काढाल?"

"सारस नको गं. त्याला पंख असतात, उडून जायचा. आपण कासव काढू. ते दहा हजार वर्षं जगतं."

त्या कासवाला शेवाळाची लांब शेपूट असते. ओत्सुने रोज सकाळी शेपटीचा एकच केस काढायची आणि वाडगा पोरीपुढं धरून म्हणायची, "अजून पुरं झालं नाही हं, बाळ. उद्या बघायला थांब."

आणि पोर थांबायची. आठ दिवस गेले. महिना गेला.

मग सरदाराचा माणूस आला. सरदाराला सारसांची पेटी हवी होती, तीही ताबडतोब. "तो वाडगा ठेव बाजूला," तो म्हणाला.

"पेटीला उशीर झाला तर पेटी मरत नाही," ओत्सुने म्हणाली.

तो संतापला आणि तिची सोन्याच्या भुकटीची डबी घेऊन निघून गेला. आता उद्याचा केस कशानं काढायचा? किकुला रडू फुटलं. गावाला कळलं, तशा घराघरांतून बाया लावा पक्ष्यांच्या अंड्यांची टरफलं घेऊन आल्या. ओत्सुनेनं ती बारीक कुटली, आणि सोनेरी शेपूट पुढं पांढरी वाढू लागली. असं म्हणतात, त्या सकाळपासून कासव पापण्या मिटायचं, उघडायचं, आणि पोर त्याच्याकडे टक लावून बघायची.

बर्फ वितळायला लागलं, तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. अख्खं गाव हातातलं काम टाकून ऐकायला धावलं.

सरदाराची पेटी पुढं कुणी केली, ते कुणालाच आठवत नाही.

मिझुओरीत आजही मूल जन्मलं की घरी कासवाचा वाडगा येतो. दर वाढदिवसाला घरातलं कुणीतरी शेपटीला एक केस जोडतं, आणि उरलेली पांढरी भुकटी ओत्सुनेच्या नावानं ज्याचा वाढदिवस त्याच्या नाकाला लावतं. नव्वदीच्या म्हाताऱ्यांनासुद्धा. आणि ते म्हातारे दिवसभर नाक पुसत नाहीत.