बुरुजावरून मोजलेला धूर

सोनवडीच्या राजाला राज्याची भरभराट मोजायची भारी सोपी युक्ती सापडली होती. रोज संध्याकाळी तो दिवाणजींना घेऊन बुरुजावर चढे आणि नगरावरच्या धुराच्या रेघा मोजे. धूर जास्त, म्हणजे धंदा जोरात! मग काय, राजाची मर्जी राखायला लोक ओला पालासुद्धा जाळू लागले. सगळं नगर खोकत होतं.

सगुणा कुंभारणीने मात्र आपल्या भट्टीला मातीचा जाड लेप दिला. निम्म्या लाकडात तेवढीच मडकी भाजून निघू लागली आणि धूर जेमतेम. दिवाणजींनी तिला थेट दरबारात खेचलं.

"हिच्यामुळे राज्य मागे पडतंय, सरकार! भट्टी पाडून टाका."

भट्टी गेली तर पोरांना खायला काय घालायचं? पदर मुठीत आवळून सगुणा म्हणाली, "दिवाणजी, आजवर सगळ्यात जास्त धूर कधी निघाला?"

"गेल्या चैत्रात!" दिवाणजी छाती फुगवून म्हणाले. "सलग तीन दिवस. रेघा मोजताच येईनात!"

"तेव्हा आपलं धान्याचं कोठार जळत होतं, महाराज. एवढी भरभराट झाली, तर पुढे पावसाळाभर आम्ही उपाशी का होतो?"

राजा बोलायला गेला आणि त्यालाच ठसका लागला. कुणीतरी धावत पाणी आणलं, सगुणाच्याच मडक्यातलं. ते गटागटा पिऊन राजा म्हणाला, "दिवाणजी, उद्यापासून बुरुजावर चढायचं नाही. बाजारात जाऊन मडकी मोजा."