न निघणारी अंगठी

देवखिंडीच्या युवराजांची साखरपुड्याची अंगठी परत आली. मुलीकडच्यांनी ती डबीत घालून, डबीला हळदकुंकू लावून, सोबत पावशेर पेढे देऊन पाठवली होती. पेढे चांगले होते. त्यामुळे युवराजांच्या वडिलांना, मानाजीराजांना, अपमान जास्तच झोंबला.

त्यांनी त्याच दिवशी दवंडी पिटवली. बोटात सहज जाईल, पण कोणालाही काढता येणार नाही अशी अंगठी जोवर मिळत नाही, तोवर संस्थानात एकही साखरपुडा होणार नाही.

त्या वेळी संस्थानात बावीस साखरपुडे ठरलेले होते. त्यातला एक दरबारचे सोनार बाबलशेट यांच्या मुलीचा, द्वारकेचा. निवळीच्या नारायणाने तिला पाहिलं होतं, तिने त्याला पाहिलं होतं, आणि दोघांनाही पसंत पडावं असं त्या वर्षी हे एकच स्थळ होतं. पण नारायणाच्या आईने निरोप धाडला, पौर्णिमेपर्यंत थांबू, मग दुसरीकडे बघू. दोन दिवस द्वारकेला जेवण गेलं नाही.

दरबारात रोज खल चालू होता. म्हातारे शास्त्रीबुवा म्हणाले की पूर्वी अंगठीची भानगडच नव्हती, नुसता साखरेचा पुडा हातावर ठेवत. साखर खाऊन टाकली की परत करायचा प्रश्न मिटला. राजांनी मुंग्यांचं काय करायचं असं विचारलं आणि शास्त्रीबुवा बसले. मग दरबारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या फिरंग्याने सांगितलं की त्याच्या मुलुखात करंगळीशेजारच्या बोटात अंगठी घालतात, कारण त्या बोटातली शीर थेट काळजाला जाते असं जुने लोक मानत. फार पूर्वी तर तिकडे अंगठी लोखंडाची असे. राजांनी त्यातलं लोखंड तेवढं उचललं.

लोहाराने आतून काटे असलेली लोखंडी अंगठी आणली. ती दिवाणजींच्या बोटात सहज गेली आणि खरोखरच निघेना. दिवाणजींच्या ओरडण्याने कबुतरं उडाली, तेव्हा कानस आणून अंगठी कापली.

"निघाली," राजे म्हणाले. "नापास."

बाबलशेटनी सोन्याच्या अकरा अंगठ्या घडवल्या. फिरकीच्या, कडीच्या, चोरखिट्टीच्या. कानस सगळ्यांवर चालली. पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली, तेव्हा द्वारका वडिलांना म्हणाली की बाराव्या अंगठीला हात लावू नका, मीच दरबारात जाते. आणि ती रिकाम्या हाताने गेली.

"अंगठी कुठे आहे?" राजांनी विचारलं.

"वाड्यातच आहे, महाराज. माझ्या आजोबांनी घडवली, एकतीस वर्षांपूर्वी. राणीसाहेबांच्या बोटात आहे."

राणीसाहेब बसायच्या त्या बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या.

"ती तर साधी अंगठी," राजे म्हणाले. "आम्हीच घातली होती."

"मग काढून दाखवावी, महाराज."

राजांनी पडद्याकडे मान वळवली. "राणीसाहेब, अंगठी जरा काढून द्या."

"नाही," पडदा म्हणाला.

"हुकूम आहे."

"ऐकला."

पडद्यातून एक मूठ बाहेर आली. काय ते बघून घ्या, असा तिचा आविर्भाव होता. राजांनी पहिलवानाला पुढे बोलावलं. त्याने मुठीकडे पाहिलं, हात जोडले आणि आज आपला उपवास असल्याचं सांगितलं. लोहार म्हणाला, कानस बोथट झाली आहे. दिवाणजींना कोणी विचारलंच नव्हतं, तरी ते खांबामागे गेले. शेवटी राजे स्वतः उठले आणि ती मूठ उघडायची खटपट करू लागले. एकतीस वर्षांत त्या मुठीतून त्यांना काहीही काढता आलं नव्हतं. आजही आलं नाही. ते परत येऊन बसले.

"बोटात रुतली असेल," ते म्हणाले.

"रुतायला ती घट्ट कुठे आहे?" द्वारका म्हणाली. "राणीसाहेब तेव्हा दूर माहेरी होत्या, म्हणून वाड्यातून तुमच्या मातोश्रींच्या बोटाचं माप आलं. अंगठी पहिल्या दिवसापासून सैल आहे, आतून दोरा गुंडाळलाय. दर दिवाळीला माझे वडील म्हणतात, एक दिवस द्या, बारीक करून देतो. राणीसाहेब एक दिवसही देत नाहीत. नवा दोरा तेवढा मागून घेतात. राज्यात याहून सैल अंगठी नाही, महाराज. आणि कुणाला काढता येईना अशीही ही एकच आहे."

दोऱ्याचं राजांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी दिवाणजींना दवंडी पुन्हा वाचायला लावली. बोटात सहज जाईल. गेली होती. कोणालाही काढता येणार नाही. दिवाणजींनी खांबाआडून मुठीकडे एक नजर टाकली आणि अट पुरी झाल्याचं जाहीर केलं.

राजांनी बंदी उठवली. द्वारकेला सोन्याचे तोडे दिले, आणि तिचा साखरपुडा उद्या वाड्यातच होईल असं सांगून नारायणाच्या आईला आणायला तत्काळ पालखी पाठवली, बाईंनी वाटेत दुसरं स्थळ बघू नये म्हणून. मग ते पडद्यापाशी वाकले. त्यांचा आवाज हळू होता, पण दरबारात सगळ्यांनीच कान टवकारले होते.

"एकतीस वर्षांत एकदाही काढावीशी वाटली नाही?"

"रोज वाटते," राणीसाहेब म्हणाल्या. "आज सकाळी दोनदा वाटली."

राजे आधी गालात हसले, मग मांडीवर थाप मारून पागोटं घसरेपर्यंत हसले, आणि तेव्हा कुठे बाकीच्यांना हसायची सोय झाली.