पुणे ते कासारखेडे

“...पण मास्तर, यातलं खरं भाडं कोणतं धरायचं?”

ढोमणे मास्तर तिकीटखिडकीची जाळी फडक्यानं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

खैरवाड्याच्या त्या स्टेशनात शेवटची गाडी येऊन आठ वर्षं झाली होती. छोटी लाइन बंद पडली, रुळांत गवत वाढलं, बुकिंग क्लार्क ढोमणे निवृत्त झाले. तरी ते रोज सकाळी येत, खिडकी पुसत आणि दुपारपर्यंत तिच्याआड बसत. म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे, असं गाव म्हणे. गावाचं काय जातंय म्हणायला!

मात्र भाड्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हेही गावच म्हणे. ते कानावर आलं म्हणून तर उन्मेष पुण्याहून इथवर आला होता.

“तीन ठिकाणांहून आकडे गोळा केलेत,” तो मांडीवरचा लॅपटॉप उघडत म्हणाला. “चाळीस हजार जोड्या. कुठून कुठं, किती किलोमीटर, कोणता वर्ग, किती भाडं. कुणालाही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट वापरता येतील. असं काम आजवर कुणी केलेलं नाही.”

“बरं.”

“फक्त काही आकडे जुळत नाहीत. एक साइट एक सांगते, दुसरी दुसरंच.”

“गाडी अलग असन. नाईतर रस्ता अलग.” मास्तरांनी फडकं झटकलं. “भाडं अंतरावर लागते बाप्पा. आधी मानूस कोन्या रस्त्यानं चालला ते इचार. मंग आकडा.”

उन्मेष जरासा खजील झाला. कित्येक महिन्यांची गाठ म्हाताऱ्यानं फडकं झटकता झटकता सोडवली होती. आपलंही काही आहे हे दाखवायची त्याला घाई झाली.

“थांबा, प्रोग्रॅम चालवूनच दाखवतो.”

त्याची बोटं न बघता चालली. पुणे ते कासारखेडे. पडद्यावर लगेच भाडं उमटलं.

“कासारखेडंच काहून?”

“काही विशेष नाही हो. चाचणीसाठी. काही बदल केला, की चालतंय का ते बघायला मी हेच टाकतो.”

“किती येळा टाकलं असन?”

उन्मेष हसला. यंत्र काही विसरत नाही. त्यानं नोंद काढली. “दोन हजार तीनशे सोळा वेळा.”

“मोठं गाव हाये?”

“छे! दिवसाला दोन गाड्या थांबतात.” तो जरा थांबला. “माझंच गाव आहे.”

“कोन असते तिथं?”

“बाबा. आई गेल्यापासून एकटेच.”

“फोन येते त्यायचा?”

“रोज. जेवलास का, विचारतात. मी हो म्हणतो. तुम्ही जेवलात का, विचारतो. तेही हो म्हणतात. मग...”

मग दोघंही नुसते फोन कानाशी धरून बसत. बोलायला काही नसे आणि ठेववतही नसे. हे काही त्यानं मास्तरांना सांगितलं नाही. एवढं काम हातावेगळं झालं, की घरी जायचंच, असं त्यानं तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. काम मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं. पुण्याच्या त्या खोलीत दिवसच्या दिवस कुणाशी एक शब्द होत नसे, आणि हे एकटेपण त्याला अलीकडे फार जड जाऊ लागलं होतं.

मास्तर फडक्याची घडी घालत त्याच्याशेजारी बाकावर टेकले.

“दोन हजार तीनशे सोळा,” ते म्हणाले. “अन् तिकिटं किती काढली?”

उन्मेषनं लॅपटॉप हळूच मिटला. काही तरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, “मास्तर, गाडीच येत नाही, तर तुम्ही इथं रोज कशासाठी बसता?”

“कोनी आलं तं...”

एवढंच म्हणून मास्तर उठले. गुडघ्यावर हात टेकत दारातून आत गेले. आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग खिडकीची लाकडी फळी करकरत वर गेली आणि जाळीमागं त्यांचा चेहरा दिसला. मघाचा चेहरा नव्हता तो. कोऱ्या चेहऱ्याचा बुकिंग क्लार्क होता.

“कुठी जाचं हाये?”

उन्मेष खिडकीपाशी आला. नाव जिभेवर होतं. दोन हजारांहून जास्त वेळा बोटांनी लिहिलेलं नाव, आणि तोंडातून मात्र फुटेना.

“कासार...”

पुढं होईना. त्यानं मान फिरवून मागं पाहिलं. फलाट पार टोकापर्यंत ओस पडला होता.

“लवकर बोल ना बाप्पा,” मास्तर आतून म्हणाले. “मांगं रांग हाये.”