चिमण्या ओढ्याची परी आणि शंकेखोर शेवंती

निळ्या डोंगराच्या कुशीत, रूपी नदीच्या काठावर आसनवाडी नावाचं गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, जिथे पायवाटही दमून गवतात बसकण मारते, तिथे एक इवलंसं झोपडं होतं. त्यात शेवंती नावाची मुलगी तिच्या गोदीआत्याबरोबर राहायची. शेवंतीला आईवडील नव्हते. आत्या रानातल्या पानांच्या पत्रावळी लावून दोघींचं पोट भरायची. त्यांच्या छपराला इतकी भोकं होती, की ऊन आलं की जमिनीवर सोनेरी टिकल्या पडत आणि सर आली की त्याच टिकल्यांवर टपटप पाणी गळे. आत्याच्या गुडघ्यांना ती ओल सोसत नसे. रात्रभर ती कण्हत राही.

शेवंती मनाची फार मायाळू होती. जेवायच्या आधी ती नदीतल्या देवीच्या डोहावर जाई आणि भाकरीचा पहिला चिमणघास पाण्यात सोडी. मग हिरव्यागार पाण्यातून मोठमोठे महाशीर मासे वर येत. त्यांच्या खवल्यांवर ऊन पडलं की वाटे, कुणी तरी मोहरा उधळल्या! गावात कुणीही त्या माशांना हात लावत नसे. ते देवीचे मासे होते.

पण शेवंतीची एक खोड होती. तिला प्रत्येक गोष्टीत शंका येई. त्यालाही कारण होतं. मागे एका फेरीवाल्याने तिला गरमागरम जिलबी दिली होती आणि ती चाटूनपुसून खाईपर्यंत तिचं लाडकं, एक कान पांढरा असलेलं करडू घेऊन तो पसार झाला होता. तेव्हापासून शेवंती ताकसुद्धा फुंकून पिई.

"हिला दुधात साखर दिली तरी ही आधी मुंगी शोधेल," बायका हसून म्हणत.

त्या श्रावणात गावात मखमलशेठ आला. जांभळी मखमली टोपी, बोटाबोटांत अंगठ्या आणि जिभेवर मध. नदीकाठी त्याला झगमगनगर वसवायचं होतं. पांढरेशुभ्र बंगले, काचेच्या खिडक्या, रंगीत कारंजी! त्यासाठी त्याला फक्त चिमणा ओढा बुजवायचा होता. डोहाच्या वरच्या अंगाला, दगडगोट्यांतून खळखळत नदीला मिळणारा तो उथळ ओढा. श्रावण-भादव्यात त्याच्या पाण्यात पाय ठेवायचा नाही, अशी गावात पूर्वजांची आण होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"देवीच्या डोहाला मी बोटसुद्धा लावणार नाही. गळ्याची शपथ!" मखमलशेठ गळ्याला हात लावून म्हणाला आणि त्याने घरोघर पेढे वाटले.

गाव खूश झालं. डोह राहिला म्हणजे मासे राहिले. बिनकामाचा ओढा गेला तर गेला! सोमवारी देवळात नारळ वाढवून गाव शब्द देणार होतं. आणि आसनवाडीत नारळ फुटला, की दिलेला शब्द कधीच फिरत नसे.

शेवंतीने मात्र आपला पेढा खाल्ला नाही. ती आत्याला म्हणाली, "आत्या, कुणी न विचारताच शपथ का घेतो गं?"

"आली का तुझी शंका!" आत्या म्हणाली. "खा तो पेढा मुकाट्यानं."

रविवारी सकाळी शेवंती पानं खुडायला चिमण्या ओढ्याच्या काठावर गेली. ऊन-पावसाची लपाछपी चालली होती. गुलाबी तेरडा, पिवळीधमक सोनकी, निळीनिळी इवली फुलं, सगळा काठ नटला होता. पण ओढ्याच्या तोंडाशी मखमलशेठच्या गाड्यांनी लाल मातीचा मोठा ढीग आधीच आणून टाकला होता. नारळ फुटायच्या आधीच!

शेवंतीचे डोळे बारीक झाले. ती त्या ढिगाकडे बघत असतानाच तेरड्याच्या झुडपात चांदण्याचा भुगा उडावा तसं काहीतरी लकाकलं. फुलावर एक परी बसली होती, खंड्या पक्ष्याएवढी. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे पारदर्शक होते आणि झगा होता चिमुकल्या सोनेरी खवल्यांचा. तिचं हसू तर पाण्यावरच्या उन्हासारखं लुकलुकत होतं.

"शेवंतीबाळ, रोज माझ्या माशांना घास देतेस ना? माग! तुला तीन इच्छा दिल्या."

शेवंती दोन पावलं मागे सरली. "तुला मखमलशेठनं धाडलं का?"

"छे गं!"

"मग फुकट का देतेस?"

परी खुदकन हसली. "फुकट नाही. नियम आहेत. मी नवं काही घडवत नाही, इथलं उचलून तिथे ठेवते, एवढंच. कुठून उचलणार ते मी आपणहून सांगत नाही. तू विचारलंस तर खरं सांगेन. पण एका उत्तराला एक इच्छा खर्च होईल."

"म्हणजे शंका काढली की इच्छा गेली?"

"याचं उत्तर मात्र फुकट देते. हो!"

शेवंती विचारात पडली. तिला आत्याचे सुजलेले गुडघे आठवले. एक शब्द बोलला की झोपड्यावर नवंकोरं, दाट छप्पर येईल! तो शब्द तिच्या ओठांवर आला. तेवढ्यात तिला जिलबी आठवली. तोंडात गोडवा आणि दाव्याला करडू नाही. ते रिकामं दावं हातात धरून ती किती रडली होती!

"आमच्या झोपड्यावर छप्पर हवंय," ती हळूच म्हणाली. "पण आधी सांग, ते कुठून आणशील?"

"पलीकडच्या वाडीत एक म्हातारी एकटी राहते. तिच्या घरावरून."

शेवंती घाईने म्हणाली, "नको! नको आणू!"

"नाही आणत. पण एक इच्छा गेली," परी म्हणाली आणि तिच्या झग्याचं एक खवलं टपकन पाण्यात पडलं.

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने लाल मातीच्या ढिगाकडे पाहिलं आणि नाक पुसलं. "आता दुसरं विचारते. मखमलशेठ डोहाला हात लावणार नाही म्हणतो. मग मला हे खोटं का वाटतं?"

"शपथ खरी आहे त्याची," परी म्हणाली. "म्हणून तर ती जास्त वाईट. डोहात तू कधी बोटाएवढं पिल्लू पाहिलंयस?"

शेवंती चमकली. खरंच की! डोहात सगळे मासे हातभर लांब. पिल्लू एकही नाही.

"काठावर पालथी पड आणि खाली बघ."

शेवंती गवतावर पालथी पडली. पाणी क्षणभर काचेसारखं नितळ झालं. गोट्यागोट्यांच्या मधे, थंडगार खळखळत्या पाण्यात, पिवळे पिवळे इवलेसे मणी अडकले होते. हजारो! कुणी मोहनमाळ तोडून विखुरली असावी तसे.

"अंडी!" शेवंती पुटपुटली.

"महाशीर श्रावणाच्या पुरात डोहातून इथवर चढून येतात. इथे अंडी घालतात आणि परत जातात. डोह हे त्यांचं घर, पण पाळणा इथे आहे. पाळणा बुजला की आहेत ते मासे म्हातारे होतील, आणि मग डोह रिकामा." दुसरं खवलं पाण्यात पडलं. "आता एकच इच्छा उरली हो, बाळ."

शेवंती ताडकन उठून बसली. मखमलशेठला सात डोंगरांपलीकडे फेकून दे, असं म्हणावंसं वाटलं तिला. पण परी इथलं उचलून तिथे ठेवणार! म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या तरी ओढ्यावर जाऊन बसेल. तिने मान हलवली. मग म्हणाली, "मी सांगितलं तर गावात कुणी ऐकणार नाही. जे मी पाहिलं ते सगळ्यांना दिसू दे."

"दिसेल. उद्या सकाळी पाणी पुन्हा नितळ होईल. पण माणसं उचलून आणणं माझ्या नियमात बसत नाही. त्यांना तुलाच आणावं लागेल." आणि परी तेरड्याच्या गुलाबी रंगात विरघळून गेली.

सोमवारी देऊळ भरून गेलं. बाबलआजोबा हे गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी. त्यांच्या हातात शेंडीचा नारळ होता. मखमलशेठ शेजारी उभा राहून मधाळ हसत होता. आसनवाडीचा रिवाज असा, की नारळ फोडण्याआधी गावकराने तीनदा विचारायचं, "कुणाची हरकत?" लहानथोर कुणीही बोलावं, आणि हरकत आली तर ती निवारल्याशिवाय नारळ फोडायचा नाही. पण इतक्या वर्षांत हरकत कुणी घेतलीच नव्हती, त्यामुळे बाबलआजोबा ते एका दमात उरकून टाकत.

"कुणाची हरकत, कुणाची हरकत, कुणाची..."

"माझी!" शेवंती ओरडली.

सगळ्या माना वळल्या. गोदीआत्याने कपाळावर हात मारला.

"तुझी कसली गं हरकत?" एक बाई म्हणाली. "पेढ्यात मुंगी निघाली का?"

देवळात हशा पिकला. शेवंतीचे कान लाल झाले, पण ती हटली नाही. "महाशीरची अंडी चिमण्या ओढ्यात आहेत. ओढा बुजला तर डोहात मासे उरणार नाहीत."

"आणि हे तुला कोणी सांगितलं?" बाबलआजोबांनी भुवया आक्रसल्या.

आता परीचं नाव घेतलं असतं, तर आणखी हशा झाला असता. शेवंती म्हणाली, "कोणी का सांगेना, आजोबा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझी शंका घ्या, आणि येऊन बघा."

मखमलशेठ घाईघाईने पुढे आला. "अहो, बेडकांची अंडी असतील! पोरीच्या नादी काय लागता? मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्त?" बाबलआजोबांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "शेठ, आमच्या नारळाची तुम्हाला एवढी घाई का?"

शंका तापासारखी असते, एकाची दुसऱ्याला लागते. मागच्या रांगेतला कोणी म्हणाला, "काल तिकडे मातीचा ढीग पाहिला मी." दुसरा म्हणाला, "नारळाआधीच?" आणि सगळं देऊळ चुळबुळ करू लागलं.

"पण आजोबा, श्रावणात ओढ्यात पाय ठेवायचा नाही, अशी आण आहे," कुणीतरी बिचकत म्हणालं.

"पाय नका ठेवू," शेवंती म्हणाली. "काठावरून बघा."

अख्खं गाव ओढ्याकडे निघालं आणि काठावर ओणवं झालं. पाणी आरशासारखं लख्ख झालं, आणि गोट्यांमधले पिवळे मणी उन्हात चमचम चमकू लागले. तेवढ्यात डोहाच्या बाजूने एक भलीमोठी महाशीर प्रवाहाशी झुंजत वर आली. तिने गोट्यांवर शेपटी घासली आणि तिच्या पोटाखालून आणखी सोनेरी मणी सांडले.

बाबलआजोबा म्हणाले, "श्रावणात पाय ठेवायचा नाही! अरे, अंडी तुडवू नयेत म्हणून पूर्वजांनी ही आण घातली. आम्ही आण तेवढी पाळली, आणि कारण हरवून बसलो."

ते नारळ घेऊन ताडताड चढत गेले. ओढा जिथे डोंगरातून निघतो, तिथल्या काळ्या खडकावर त्यांनी तो खणकन फोडला. "आजपासून देवीची हद्द इथवर!"

आसनवाडीत नारळ फुटला, की शब्द फिरत नाही. मखमलशेठचं हसू लोण्यासारखं वितळलं. तो टोपी सावरत निघाला. "मी दुसरा ओढा बघतो!"

"बघा की! तुमच्या आधी आमचा निरोप पोहोचेल तिथे," गोदीआत्या कडाडली. आणि खरंच, दोन तरणी माणसं तेव्हाच शेजारच्या गावांना सांगायला धावली.

आभाळ भरून येत होतं. सर आली असती, तर ती लाल माती वाहून अंड्यांवर बसली असती. मग काय! गावाने काठावर रांग धरली. टोपल्या, घमेली, सुपं, जे हाती येईल ते. या हातातून त्या हातात माती माळावर गेली. सर आली तेव्हा काठ झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या दारात गवताच्या पेंढ्यांचा डोंगर उभा राहिला. घरटी एकेक पेंढी! "पेढ्यात मुंगी" म्हणणारी बाईच सगळ्यांत आधी शिडीवर चढली. शेवंतीने विचारलं, "तुमच्या छपराचं तर नाही ना काढलंत?"

"नाही गं माझे बाई! माळावरचं कापून आणलंय. जा, मोजून ये माझं छप्पर!"

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी शेवंती पहिला घास घेऊन डोहावर गेली. पाण्यावर परी तरंगत होती.

"दोन-दोन इच्छा शंकांवर उधळणारी तूच पहिली," परी म्हणाली. "मागितलं नाहीस, तरी इथून गेलेलं काहीतरी मी परत इथे आणून ठेवलं आहे."

मागून "मेंऽऽ" असा आवाज आला. शेवंती वळली. एक कान पांढरा असलेली धष्टपुष्ट शेळी उभी होती, आणि तिच्या पायांत दोन गोंडस करडं घुटमळत होती.

शेवंतीने आधी तो कान नीट तपासला. मागून, पुढून. मग विचारलं, "आणि त्या फेरीवाल्याची जिलबी?"

"त्याच्या उंबऱ्यावर ठेवून आले. गरमागरम!"

आणि परी जी हसली, जी हसली, की तिचं हसू सोनेरी उजेड होऊन साऱ्या डोहावर पसरलं. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. पण काठाजवळच्या उथळ पाण्यात, जणू परीनेच ओढ्यातून उचलून ठेवलेली, बोटाएवढी पिल्लं लुकलुकत होती, आणि शेवंतीने शेळीच्या गळ्यात हात टाकून भाकरीचा घास अगदी बारीक, त्यांच्या तोंडात मावेल असा कुस्करला.