दोन हाकांचा घाट

“आजी, रिकामी होडी पलीकडे न्यायची आणि रिकामीच परत आणायची, याला काही अर्थ आहे का? भुतांना फिरवता की काय?”

“भुतं बरी, ताई. ती मुकाट थांबतात.”

सुट्टीला आलेल्या शर्वरीने पिशवी होडीत टाकली. ठकूआजीने ती उचलून पुन्हा काठावर ठेवली. नदीकाठच्या तिच्या चार खोल्यांत माणसं शांतता शोधत येतात आणि येताना घाई सोबत घेऊन येतात, हे तिला पाठ होतं. पण दिवसाची पहिली खेप कुणासाठी मोडायची नाही म्हणजे नाही. वल्हं आडवं धरून तिने सांगायला घेतलं.

फार पूर्वी या घाटावर राही नावाची विधवा होडी चालवायची, असं सांगतात. पलीकडून तीन हाका आल्या की होडी सोडायची, हा तेव्हाचा नेम. एकदोन हाका गुराख्यांच्या चेष्टेच्याही असत. राहीची एकुलती लेक तुळसा पलीकडच्या गावात दिलेली. सातव्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा “आता बाळंतपण होईतो इथंच राहा,” म्हणून राही हट्टाला पेटली. लेकीने सासरची बाजू घेतली. शब्दाला शब्द लागला आणि ती तशीच निघून गेली.

पुढे श्रावणातल्या एका दुपारी राही भाकरी थापत होती. पलीकडून हाक आली, “आये!” आवाज ओळखला नाही, असं नाही. मग दुसरी आली. राही अर्धी उठली, म्हणे. तोंडाने मात्र ती म्हणाली, “घालू दे की तिसरी. आईची तेवढी तरी गरज लागू दे.” आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.

तिसरी आलीच नाही. आईचा राग अजून गेला नाही, असंच लेकीला वाटलं असेल. पाणी चढत होतं, कळा सुरू झाल्या असतील. ती नदीतल्या दगडांवरून चालत निघाली. राही होडी घेऊन पोचली, तेव्हा पलीकडच्या खडकावर बाळासाठी शिवलेलं दुपटं तेवढं होतं. घडीसुद्धा न मोडलेलं.

त्या दिवशी नेम मोडला. राही मरेपर्यंत रोज हाकेआधीच पलीकडे जायची, बसायची फळी पुसायची, थोडी थांबायची आणि परत यायची.

आजही या घाटाची पहिली होडी रिकामी जाते.

“पण आता कोण यायचंय तिकडून?” शर्वरी पुटपुटली.

ठकूआजीने पदराने फळी पुसली, होडी लोटली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही मला उभ्या दिसताय. जी दिसत नाही, तिला आधी आणू दे.”