भेकर भुंकले तेव्हा

मुलांनो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले किंवा शब्द फारच साधे वाटले, तर सांभाळून घ्या. गोष्ट मात्र मन लावून सांगतो.

डोंगराच्या कुशीतल्या जंगलात एक बिबट्या राजा होता. त्याला राजा प्राण्यांनीच केले होते. एक लांडगा त्यांची पिल्ले पळवू लागला, तेव्हा बिबट्याने त्याला पिटाळून लावले, म्हणून. राजा होताच त्याने हुकूम काढला, "यापुढे कुणीही ओरडून इशारा द्यायचा नाही. उगाच घबराट पसरते."

पूर्वी शिकारी दिसला की वानर झाडावरून खाकरे, चितळ पाय आपटे, मोर ओरडे आणि सगळे सावध होत. आता वानराला बिबट्या दिसे, पण तो तोंड फिरवून पाला खात बसे. रोज कुणी ना कुणी कमी होई. "आपलं पिल्लू आहे ना शाबूत? मग झालं," असे जो तो म्हणे.

एका संध्याकाळी चितळाचे पाडस पाणवठ्यावर पाणी पीत होते. आई जरा मागे राहिली होती. करवंदीच्या जाळीत दबा धरलेला बिबट्या एका भेकराला दिसला. भेकर म्हणजे लहानसे, लाजरे हरीण; ओरडते मात्र कुत्र्यासारखे भुंकून. पान हलले तरी बुजणारे. ते वानराला हळूच म्हणाले, "दादा, ओरडा ना! पाडस जाईल."

"गप रे बारक्या! तुझं कोण लागतं ते? राजानं ऐकलं तर आधी तुलाच खाईल."

"खाऊ दे," भेकर म्हणाले. त्याचे पाय लटपटत होते. तरी सगळा जीव एकवटून ते भुंकले.

पाडस आईकडे धावले. बिबट्या जाळीतून गुरगुरला, "कोण रे तो? पुन्हा तोंड उघडून दाखव!"

भेकराने पुन्हा उघडले. मग पाडसाच्या आईने पाय आपटला, मोर ओरडला आणि शेवटी वानरालाही राहवले नाही. त्यानंतर बिबट्या ज्या जाळीत शिरे, तिथे हाका उठत. त्याची सगळी ताकद लपण्यात होती. आता ससासुद्धा त्याच्या हाती लागेना. अखेर एके दिवशी तो उपाशीपोटी डोंगरापलीकडे निघून गेला. त्या दिवशी सगळे जंगल ताठ मानेने पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो राजाच्या खडकावर वानर बसलेला! "कुणीतरी राजा हवाच ना?" तो म्हणाला. "आधी हा गोंगाट बंद करा."

भेकर खडकासमोर जाऊन उभे राहिले. या वेळी त्याचे पाय लटपटले नाहीत. त्याने मान वर केली आणि ते खणखणीत भुंकले.

"उतरा खाली, महाराज!" चितळे हसून म्हणाली. वानर ओशाळून खाली उतरला.

तात्पर्य एवढेच : जुलमी राजा आपल्या गप्प बसण्यावर जगतो. एकाने तोंड उघडले की बाकीच्यांना धीर येतो. आणि तो राजा गेला, तरी उघडलेले तोंड मिटायचे नसते.