भिंतीआडची हाक

एकदा एका वावटळींच्या मुलखात, जिथे चैत्र सरला की वारा घरांची छपरं उचलून नेई, एका वृद्ध वस्तादांपाशी एक शिष्य घरबांधणी शिकला. हात चांगला होता त्याचा. पण एका वैशाखात त्याचं राहतं घर कोसळलं, त्यात बायको गेली, आणि तेव्हापासून तो कुणात मिसळेनासा झाला.

त्याने गावाबाहेर माळावर नवं घर बांधलं. मधोमध वादळ आलं की शिरून बसायला एक लहानशी दगडी खोली. हातभर जाड भिंती, खिडकी नाही, छत लोखंडी पट्ट्यांनी भिंतींना जखडलेलं, आणि ढिगाऱ्याने अडू नये म्हणून दार आत उघडणारं. त्या गावची रीत अशी, की घरभरणीला शेजाऱ्यांना बोलावून ही जागा आधी दाखवायची, मग पानं वाढायची. आता घरभरणी म्हणजे काही नुसता जेवणाचा बेत नव्हे. पण याने ती केलीच नाही. म्हणे, "एकट्याची कसली आलीय घरभरणी?" वर्षभर त्याच्या उंबऱ्यावर कुणाचं पाऊल पडलं नाही.

शेवटी वस्ताद न बोलावता आले. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, छत न्याहाळलं, समाधानाने मान डोलावली. मग म्हणाले, "जरा आत जाऊन उभा राहा." तो आत जाताच त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

शिष्याला आधी हसू आलं. मग त्याने हाका मारल्या, दार बडवलं, पार घसा बसेपर्यंत ओरडला. कुणी आलं नाही. काळोखात त्याला तो दिवस आठवला. लोक दुपारभर स्वयंपाकघराची माती उपसत राहिले होते, आणि बायको होती गोठ्यात. तीही अशीच हाका मारत राहिली असेल का? हा प्रश्न त्याने मनात कधी येऊ दिला नव्हता. तो मटकन खाली बसला आणि पोटभर रडला.

उन्हं कलल्यावर कडी निघाली.

"मी किती ओरडलो, वस्ताद. तुम्ही होतात कुठे?"

"इथेच, मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही." वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भिंत उत्तम आहे, बाबा. वारा आत यायचा नाही, पण तुझी हाकही बाहेर जायची नाही. वावटळ घटकाभराची असते. ती गेल्यावर ढिगारा उपसायला माणसंच लागतात, आणि कुठे उपसायचं हे त्यांना ठाऊक असावं लागतं. घराची निम्मी मजबुती शेजाऱ्याच्या त्या माहितीत असते. तेवढी निम्मी तू बांधायची ठेवलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य ओढा ओलांडून सगळ्यात जवळच्या शेजारणीकडे, ठकूबाईंकडे गेला. त्या अंगणात धान्य पाखडत होत्या.

"काकू, जरा घरी येता? एक खोली दाखवायची होती."

ठकूबाईंनी सूप खाली ठेवलं. "कधी बोलावतोस याचीच वाट बघत होते रे," त्या म्हणाल्या. "वारा सुटला की आम्ही दोघं इथून तुझ्या घराकडे बघत बसतो. हे दरवेळी म्हणतात, घर पडलं तर मी धावत जाईन गं, पण त्याला शोधू कुठे?"

ठकूबाईंनी त्याचा हात धरला आणि घरात वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, चला. बोलावलंय त्याने."